विचारलं का कुणी

बाबांनी डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली, तसा कपातला चहा बशीत हिंदकळला.

“आपटून चालू होणार आहे का तो?” धाकटी लेक खेकसली. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून ती कॉम्प्युटरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. ना दिवा लागत होता, ना पंख्याची घरघर.

बाबांनी उभं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवलं. ‘क्लच सोड, क्लच!’ हा त्यांचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. तेव्हापासून ते एका बोटाने टाइप करून बोलत. भांडतही तसेच. हल्ली एकच वाक्य लिहायचे : मी जाणार नाही. दुपारी वृद्धाश्रमाच्या बाई त्यांना भेटायला यायच्या होत्या. दादाने तसं ठरवलं होतं आणि धाकटीला त्यासाठीच बोलावून घेतलं होतं.

तिने टेबललॅम्प त्याच प्लगला लावून पाहिला. लागला. दुसरी केबल लावली, मागचा स्विच खालीवर केला. काही नाही. शेवटी तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“बाजूचं झाकण काढा, ताई. आधी प्लग काढा मात्र.”

स्क्रू काढताना तिचा हात दोनदा सटकला. बाबा वरून हुंकार देत होते, रागाने नुसते धुमसत होते.

“एक रुंद पट्टी दिसेल, खूप वायरींची. बोर्डात नीट बसलीय का?”

“लोंबकळतेय ती.”

“मग तेच. दाबून बसवा.”

“आपोआप निघते का ही?”

“छे. खटका असतो तिला. दाबून ओढल्याशिवाय निघत नाही.”

तिने फोन ठेवला. दार उघडंच होतं. दादा आत आला होता आणि झाकणाकडे बघत उभा होता.

“तू काढलीस?”

त्याने झाकण पायाने बाजूला सारलं.

“दादा, तू काढलीस का?”

“हो, काढली. मागच्या खेपेला त्या बाई आल्या, यांनी ‘जाणार नाही’ लिहिलं, त्या निघून गेल्या. तूही गेलीस तुझ्या घरी. मागे कोण उरलं? रात्री तीनतीनदा मी उचलतो त्यांना. पाठ कामातून गेलीय माझी. सकाळी वाकून बुटाचे बंद बांधता येत नाहीत.”

“म्हणून तोंड बंद केलंस त्यांचं?”

“तू महिन्यातून एकदा येतेस, सफरचंदं घेऊन. मला शिकवू नकोस.”

“पाठ दुखते हे त्यांना सांगायचं होतंस. त्यांना तर माहीतही नाही.”

“बापाला काय सांगायचं? तुम्ही जड झालात म्हणून?”

बाबांचा हुंकार थांबला होता. धाकटीने दात आवळून पट्टी बसवली, इतक्या जोरात की अंगठ्याला वळ उठला. प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरू लागला.

पडदा उजळेपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

बाबांनी कीबोर्ड ओढला. ओठ घट्ट मिटून ते एकेक अक्षर शोधू लागले. चुकले, खोडलं, पुन्हा लिहिलं. दादाला खुर्चीमागे उभं राहून वाट बघावी लागली.

मला विचारलं का कुणी

धाकटीने दादाकडे पाहिलं. तिचा राग अजून उतरला नव्हता. दादाने स्टूल ओढलं, कमरेला हात लावत बाबांसमोर बसला.

“बाबा,” तो म्हणाला. “मला होत नाही आता. जाल का तुम्ही?”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे, मग कमरेवरच्या हाताकडे. बोट कितीतरी वेळ कळांवर नुसतंच फिरत राहिलं. मग हळूहळू अक्षरं उमटली.

जाईन. हा कॉम्प्युटर बरोबर देशील?

दादा पाठ सांभाळत खाली वाकला, टेबलाखाली शिरला आणि फरशीवर विखुरलेले स्क्रू चाचपून गोळा करू लागला.