वळणावरची बाज

वस्तीच्या गल्ल्यांचा नवा आराखडा सोमवारी महापालिकेच्या इंजिनिअरकडे जायचा होता. तो वस्तीनंच ठरवायचा, हा हट्ट रत्नमालाचा. त्यासाठी तीन महिने तिनं दारोदार फिरून बायका गोळा केल्या होत्या. आता एकच भांडण उरलं होतं, आणि तेही तिच्याच दाराशी. वळणावर दीड फूट पुढं आलेली तिच्या संडासाची भिंत पाडायची की ठेवायची?

भिंत गेली की संडास गेला. तिची निशा चितेगावच्या कारखान्यात पाळीनं कामाला जायची. पोरीला अंधारात नाल्याकडं जावं लागू नये म्हणून तर तो बांधला होता.

“कागदावर लई भांडलो,” सम्यक म्हणाला. वस्तीतलाच पोरगा, आर्किटेक्चर शिकलेला. “ॲम्ब्युलन्स रस्त्यावरच थांबणार. तिथवर आजाऱ्याची बाज जाती का, ते आज माणूस घालून बघू.”

“वाळूचं पोतं ठिवा की,” रत्नमाला म्हणाली.

“पोतं वरडत नाय.” सत्यभामा पुढं आली. तिचा नवरा कडुबा गल्लीच्या टोकाच्या खोलीत दम्यानं पडून होता. “तूच निज. भिंत तुझी हाय ना?”

मागं कुणीतरी खुदकलं. रत्नमालानं चपला काढल्या, पदर खोचला आणि बाजेवर आडवी झाली.

चौघांनी बाज कडुबाच्या दारातून उचलली. वळणावर पुढचा खूर भिंतीवर आपटला. मागं घेतली, पुन्हा वळवली, पुन्हा आपटला. सम्यकनं टेप लावला. “सहा इंच कमी पडतंय.”

“मग तिरकी करा!” ती पडल्यापडल्या ओरडली. “तिरकी केली की जाती!”

त्यांनी बाज कलवली. रत्नमालाचं अंग काठाकडं घसरलं. खाली उघडी मोरी. बाजेचा सुंभ तळहातात रुतला, तरी ती घसरतच होती. तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला.

“सोडू का?” सत्यभामाचा आवाज अगदी कानाशी आला. “तुला दोन्ही हातांनी धरवंना. माझ्या माणसाला तर श्वास धरवत नाय.”



“खाली ठिवा,” रत्नमाला म्हणाली.

बाज टेकली, तरी ती उठली नाही. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. ती भिंतीकडं बघत होती.

“पाडा,” ती म्हणाली. “पण आधी नवा बांधायचा, माझ्या दाराम्होरच्या ओट्यावर. निशा त्यो वापराया लागल्याबिगर हितं पहार लावायची नाय. आराखड्यात लिही, सम्यक.”

सम्यकनं पेन्सिल काढली.

“पेनानं. खाली समद्यांच्या सह्या.”

सत्यभामानं पहिली सही केली. पेन हातात धरूनच तिनं विचारलं, “ओटाच गेल्यावर सांजच्याला बसशील कुठं?”

“तुझ्या दारात,” रत्नमाला उठून बसत म्हणाली. “आता गल्ली लई रुंद व्हणार हाय.”