बुरेकच्या पोटात चीज

रेफिककाकांनी लाटणं टेबलावर असं आपटलं, की पिठाचा लोट उठला आणि खिडकीत झोपलेलं काळं मांजर पांढरं होऊन रस्त्यावर पळालं. ते पुन्हा पुरतं काळं कधी झालंच नाही, असं त्या गल्लीतली माणसं अजून शपथेवर सांगतात.

"हे काय लिहून ठेवलंयस?"

सानेलने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. सारायेवोतल्या काकांच्या भरल्या, भाजलेल्या पोळ्यांच्या दुकानाला घरबसल्या ऑर्डरी मिळाव्यात म्हणून त्याने वेबसाइट बांधली होती, आणि तिची मालकाने चालवायची मागली बाजू तो आज दाखवायला आला होता. ती पसंत पडली, की अल्मासाचा हात मागायचा, असं दोघांचं ठरलं होतं. काकांची ही लेक मघापासून गल्ल्यामागे एकच ग्लास पुसत होती.

"वर बुरेक आहे, काका. त्याच्या पोटात मांसाचा बुरेक, चीजचा बुरेक, पालकाचा..."

"चीजचा बुरेक! झिनेता, ऐकलंस का गं? पोरगा तिकडे परदेशात, ल्युब्ल्यानात वाढलाय हे ठाऊक होतं. एवढा वाया गेलाय हे नव्हतं!"

"आधी कॉफी पिऊ द्या त्याला," आतून काकूंचा आवाज आला. "मग काय फासावर द्यायचं ते द्या!"

"अरे, बुरेक म्हणजे मांस. साऱ्या सारायेवोत विचारून ये. चीज घातलं की सिर्नित्सा, पालक घातला की झेल्यानित्सा, बटाटा घातला की क्रोम्पिरुशा. सगळी सख्खी भावंडं, आणि आई एकच, पीटा, म्हणजे कुठलीही भरली पोळी. तू तर भावालाच भावांचा बाप करून ठेवलास! ज्याला घराण्यातली नाती लावता येत नाहीत, त्याला..."

काका थांबले. ग्लास करकरला.

सानेलचे कान भट्टीतून काढल्यासारखे तापले. मागायचे शब्द त्याने कॉफीच्या घोटाबरोबर गिळले. सगळ्यात वर त्याने 'पीटा' लिहिलं आणि माउस पुढे सरकवला.

"तुम्हीच लावा, काका. नाव धरायचं आणि ओढायचं. एकाला ओढलं की त्याची पिल्लंही मागोमाग येतात."

पिठाळलेल्या बोटांनी काकांनी आधी बुरेकच्या पोटातली भावंडं बाहेर काढली. मग बुरेकसकट सगळ्यांना ओळीने आईच्या पदराखाली बसवलं. हुरूप एवढा चढला, की शेवटी त्यांनी खुद्द पीटालाच उचलून बुरेकमध्ये कोंबलं. पडद्यावर लाल ओळ उमटली.

"काय म्हणतंय हे?"

"म्हणतंय, आई लेकाच्या पोटी जन्म घेऊ शकत नाही."

काका असे हसले, की भट्टीच्या झाकणावरचे निखारे पुन्हा फुलले.

"बघ! ल्युब्ल्यानाकरांना कळत नाही, पण यंत्राला कळतं!"

"मीच शिकवलंय त्याला," सानेल हळूच म्हणाला.

काकांनी पडद्यावरची नजर काढून प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

मग त्यांना कुणी आवरेना. दही, लोणची, कॉफी, सगळ्यांची घराणी लावून झाली. शेवटी दुकानातल्या माणसांचं पान उघडलं. सानेलने वर काकांचं नाव टाकलं होतं. काकांनी झिनेताला उचलून स्वतःच्या वर बसवलं.

"पण मालक तुम्ही ना?"

"मालक मीच. पण वर ती."

त्यांच्याखाली अल्मासा. अगदी तळाला 'बाहेरचे', त्यात पीठवाला, सरपणवाला आणि सानेल. काकांनी सानेलचं नाव धरलं. ते हळूहळू वर आणलं, मध्ये एकदा थांबले, नाक ओढलं आणि अल्मासाच्या ओळीखाली अलगद सोडलं.

"मीही आयुष्यभर झिनेताच्या खालीच आहे," ते म्हणाले. "काही वाईट नाही चाललं."

मग हात झटकत ते उठले. "पुढचं बटण कुठलं ते मला समजत नाही. तुमचं तुम्ही बघा." आणि पाठ फिरवून कणीक मळायला लागले.

सानेलचा हात माउसवर तसाच राहिला. अल्मासाने ग्लास खाली ठेवला, गल्ल्याला वळसा घालून ती आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून तिने 'जतन करा' दाबलं.