उपाशी पोटी घाट

श्रुतिकाच्या पोटात जे जळत होतं ते भुकेनं की तेजश्रीमुळं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेजश्री तिची चुलत बहीण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एकाच वाडीत दोघी वाढल्या, एकाच शाळेत गेल्या, आणि महाडला एमआयडीसीजवळ ट्रक शिकवायचे वर्ग निघाले तेव्हा एकाच दिवशी नाव घालून आल्या. तिथवर सगळं गोडीगुलाबीनं. पण हातात स्टिअरिंग आलं आणि बाईसाहेब निघाल्या पुढं! सुईत दोरा ओवावा तसा तेजश्री ट्रक रिव्हर्स घ्यायची. बॅचमधला सार्थक दर वेळी मागचे ड्रम आडवे करायचा, त्याचं श्रुतिकाला काही वाटायचं नाही. तेजश्रीचं मात्र बघवायचं नाही.

बरं, गाडीपुरतं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण इथं गाडीच्या आधी अंगाची तपासणी! शिकवणारे राजेंद्र सर आयुष्यभर ट्रक चालवून, शेवटी छातीचं ऑपरेशन करून घेतलेले. रोज सकाळी ते एकेकाच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचे आणि विचारायचे, "झोपलीस? जेवलीस? पाणी प्यायलीस?" कुणी हसलं की म्हणायचे, "टायरची हवा बघता ना? मग तुमची कोण बघणार, तुमचा आजा?" मग मान, खांदे, कंबर मोकळी करायचा व्यायाम. त्यातही तेजश्री पहिली. तिचं बीपीसुद्धा पहिल्या नंबरात पास!

"बघा, कसं शांत अंग हाय," सर म्हणायचे. आणि लगेच श्रुतिकाची पाळी. "तुझाच आकडा कसा गो वर चढतो रोज?"

आता काय सांगणार? सर, आधी हिला पट्टा बांधत जाऊ नका, असं?

त्यात बातमी आली. एमआयडीसीतल्या एका कंपनीला या बॅचमधून एकच ड्रायव्हर हवा होता. नवरात्राच्या पाचव्या माळेला कशेडी घाटात चाचणी, जो पास त्याची सीट पक्की. घट बसले त्या दिवशी श्रुतिका वाडीच्या देवीला बोलली, "आई, सीट मला दे. नऊ दिवस कोऱ्या चहावर राहीन." उपाशी माणसाला सर चावी देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण सांगतंय कोण? डब्यातली भाकरी ती गुपचूप टायरांच्या ढिगामागं यार्डातल्या कुत्रीला घालायची.

तिसऱ्या दिवशी कुत्रीनं भाकरी नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं. पोट टम्म! श्रुतिकाला नवल वाटलं. चौथ्या दिवशी ती लपून बसली, तर तेजश्री आली, इकडंतिकडं बघितलं आणि आपला डबा कुत्रीपुढं उपडा केला.

म्हणजे हिनंही उपास धरलाय! त्याच देवीला, त्याच सीटसाठी! श्रुतिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. रिव्हर्स हिचा, बीपी हिचं, आता देवीपण हिलाच पाहिजे?

चाचणीच्या सकाळी सरांनी चावी तेजश्रीच्या हातात ठेवली आणि श्रुतिकाच्या तोंडून निघून गेलं, "सर, ती उपाशी हाय. घट बसल्यापासून कायसुद्धा खाल्लं नाय तिनं."

"खरं काय गो?"

तेजश्रीनं मान खाली घातली. "देवीला बोलले होते, सर."

"उपास कर, नको कोण म्हणतंय? पण मग त्या दिवशी चाक धरायचं नाय. घाटात चक्कर आली तर देवीनं येऊन ब्रेक मारायचा काय?" सरांनी चावी काढून घेतली. "श्रुतिका, तू जेवलीस?"

"हो सर. भाकरी नि भाजी."

तेजश्रीनं वर बघितलं. सरळ, तिच्या डोळ्यांत. बोलली मात्र काही नाही. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं!

ट्रक निघाला. शेजारी सर, केबिनमधल्या मागच्या बाकावर तेजश्री आणि सार्थक. पोलादपूरच्या बाजारात वडे तळल्याचा वास आला आणि श्रुतिकाच्या पोटात खड्डा पडला. घाट लागला. दुसऱ्या वळणावर तळहात गार पडले, क्लचवरचा पाय लटलटायला लागला. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या दोन रेघा दिसल्या.

"श्रुते, बाजूला घे गो," तेजश्री हळूच म्हणाली.

हिचं ऐकायचं? आता? श्रुतिकानं दात आवळून गिअर टाकला. समोरून एसटी उतरत होती. नजर आतल्या आरशात गेली. तेजश्रीनं बाक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, ओठ पांढरे पडले होते. तेजश्री आणि भ्यालेली! हे बघायला श्रुतिका किती दिवस टपली होती. पण आनंद काही झाला नाही. पुढं जागा रुंद होती. तिनं इंडिकेटर दिला, ट्रक कडेला घेतला आणि हँडब्रेक ओढला.

"सर, मी खोटं बोलले. मीपण उपाशी हाय."

सरांनी हात पुढं केला. चावी सार्थककडं गेली. सीटही त्याचीच झाली, कारण घाटात आडवे करायला ड्रम नव्हते आणि गडी सकाळी चार वडे हाणून आला होता!

परतताना सरांनी दोघींना एका हॉटेलपाशी उतरवलं. "पोटात काय घातल्याशिवाय ट्रकात चढायचं नाय."

उपासाची खिचडी एकच प्लेट उरली होती.

"तुला ठाऊक होतं ना माझं?" श्रुतिकानं विचारलं.

"होतं की. कुत्री माझ्यापण भाकरीला तोंड लावंना."

"मग सांगितलंस का नाय?"

"सांगून काय? सीट दोघींतल्या एकीला तरी मिळत होती."

म्हणजे चांगुलपणातही हीच पहिली! श्रुतिकाला हसावं की रडावं कळेना. "पुढच्या बॅचला मी परत बसणार," ती म्हणाली.

"मी काय घरी भांडी घासणाराय? मीपण बसणार."

"बस की. बघू."

श्रुतिकानं चमच्यानं खिचडीच्या मधोमध रेघ मारली. शेंगदाणे सगळे तेजश्रीच्या बाजूला गेले होते. तिनं त्यातले निम्मे आपल्याकडं ओढले आणि खायला सुरुवात केली.