जमादार आणि तीन कोंबड्या

जमादार हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. लाल तुरा डोलवत तो कोंबडा परसात अशा ऐटीत फिरायचा, की जणू कुंपण त्याच्या वडिलांनीच घातलंय. सासूबाई होत्या तोवर मान वर करायची त्याची टाप नव्हती. त्या गेल्या आणि जमादाराला रान मोकळं झालं.

सून त्याला टरकून असायची. नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात ती आणि सासरे दोघंच. ती घरीच शिवणकाम करायची. दाणे टाकायला परसात गेली की जमादार एक पंख झुकवून तिरका तिरका चालत यायचा आणि तिच्या पोटरीवर झडप घालायचा. शेवटी ती पत्र्याचं मोठं झाकण ढालीसारखं पुढे धरून जाऊ लागली. हा कोंबडा कुणाला तरी देऊन टाकू, असं तिनं सासऱ्यांना सुचवून पाहिलं. सासऱ्यांचा जन्म गॅरेजात मोटारी दुरुस्त करण्यात गेलेला. माणूस मुळातच अबोल, आणि बायको गेल्यापासून तर तोंडाला कुलूपच. ते एवढंच म्हणाले, "तिचा आहे तो." विषय संपला.

कोंबड्यांचे हाल मात्र सुनेला बघवेनात. होत्या तीनच, आणि जमादार सदानकदा त्यांच्या पाठीवर. पिसं झडून पाठी उघड्या पडल्या, एकीच्या तर कातडीला जखम झाली. सुनेनं शिवणातले उरलेले जाड तुकडे काढले, पंखांखालून जाईल असं इलास्टिक लावलं आणि तिघींना मापाच्या झुली शिवल्या. फुलाफुलांच्या झुली पाठीवर घेऊन तिघी परसात निघाल्या, तेव्हा सासरे पायरीवर बसले होते. ते बघत राहिले, आणि कितीतरी महिन्यांनी हसण्यानं त्यांचे खांदे हलले.

पुढे एका संध्याकाळी ती वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर आली, तर खुराड्यापाशी कुणीतरी बोलत होतं. सासरे उपड्या बादलीवर बसून जाळीपलीकडच्या जमादाराशी बोलत होते. गुडघे दुखतात, पोराचा फोन आला नाही, झोप लागत नाही, अंथरुणाची दुसरी बाजू गार लागते. वर्षभरात घरात बोलले नसतील एवढं ते तिथं बोलत होते. ती आल्या पावली मागे फिरली. कपडे दोरीवरच राहिले.

त्याच आठवड्यात जमादारानं त्यांच्यावरच झेप घेतली. पायामागचा काटा नडगीत खोल रुतला. त्यांनी मोजा चढवून जखम लपवली, पण मोजा रक्तानं भिजला आणि सुनेला कळलं. तिनं पाय धुऊन पट्टी बांधली. सासरे जमिनीकडे बघत होते.

"तुझंच खरं, सूनबाई," ते म्हणाले. "देऊन टाक त्याला."

याच शब्दांची तिनं किती दिवस वाट पाहिली होती. आता मात्र तिच्या तोंडून हो निघेना. "आधी डॉक्टरीणबाईंना विचारू," ती म्हणाली.

मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई जनावरांच्या. त्यांनी आधी सासऱ्यांना इंजेक्शन घ्यायला माणसांच्या दवाखान्यात पिटाळलं, मग परस बघितलं. एका कोंबड्याला तीन कोंबड्या फार थोड्या, त्या म्हणाल्या. आठ-दहा तरी हव्यात, म्हणजे त्याचा जाच वाटला जातो. आणि तो अंगावर आला तर पळायचं नाही, मारायचंही नाही. उचलायचा, पंख मिटून काखेत घट्ट धरायचा आणि निवांत फिरवायचा, रोज. पण हे करणार कोण? सासऱ्यांचा पाय बांधलेला. दोघांनी सुनेकडे पाहिलं.

तिनं जाड चादर टाकून त्याला धरलं तेव्हा तिच्या छातीत धडधडत होतं. जमादारानं दोन हिसके दिले आणि गप्प झाला. तळव्याखाली त्याचंही काळीज तसंच उडत होतं. हा पण घाबरलाय की, तिला वाटलं. सासरे पायरीवरून सांगत होते, सैल सोडू नकोस, तिकडून वळ. तिनं परसातल्या झाडाला चार फेऱ्या मारल्या.

मग सहा तलंगा आणल्या. रोग नको आणि मारामाऱ्याही नकोत म्हणून या कोवळ्या कोंबड्या आधी जाळीआड वेगळ्या ठेवल्या, मग सगळ्यांत सोडल्या. जुन्या तिघींनी त्यांना टोचून टोचून आपली थोरवी पटवली, आणि भांडण मिटलं. नऊजणींच्या मागे धावता धावता जमादाराची दमछाक झाली. जुन्या तिघींच्या पाठींवर नवी पिसं फुटली, झुली उतरल्या. कोंबडा काही संत झाला नाही. पाण्याचा मीटर बघायला येणारा माणूस अजून फाटकातूनच हाक मारतो. पण घरच्यांना तो वाट देऊ लागला.

एका दुपारी सून मशीनवर बसली होती. सासरे स्टूल ओढून शेजारी बसले.

"जमादार पिल्लू होता ना, तेव्हा तुझ्या सासूलाही लई टोचायचा," ते म्हणाले. "मीच म्हणालो होतो, रस्सा कर याचा. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

सुनेनं मशीन थांबवलं. "मग?" तिनं विचारलं.

आणि ते सांगत बसले.