निळ्या ड्रमाच्या पोटातलं

मी ड्रम बोलतोय. द्राक्षबागेत औषध कालवायचा, निळ्या प्लास्टिकचा, ढेरपोट्या ड्रम. तोंड जन्मभर आ वासलेलं, पण त्यातून शब्द कधी फुटला नाही. आज बोलतोय, कारण एक गोष्ट पोटात ठेवून ठेवून आता ठेववत नाही.

माझा जन्म कुठला, मला ठाऊक नाही. नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात मी कसलंसं रसायन घेऊन आलो, रिकामा झालो आणि भंगारवाल्याच्या अंगणात पडलो. तिथून खंडेरावांनी मला उचललं. पंच्याण्णव-शहाण्णव सालची गोष्ट. विंचूरजवळ त्यांची द्राक्षबाग होती. माझं झाकणाकडचं तोंड करवतीने कापून त्यांनी मला असं घासलं, की सालटं निघायची बाकी राहिली.

माणूस भारी काटेकोर. औषध कालवताना कोणी मध्ये बोललेलं खपायचं नाही. बायको कुसाबाई चहा घेऊन आल्या तरी काठीने औषध ढवळून होईपर्यंत चहा बांधावर गार होत राहायचा. कुसाबाई पुटपुटायच्या, "ड्रमाशीच लगीन लावायचं व्हतं." मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पुढे बागेत जैविक औषधं आली. पुडीत जिवंत बुरशी असते, ती रोगाच्या बुरशीला खाते, आणि रासायनिक औषधात टाकली तर ती स्वतःच मरते, असं कृषी खात्याच्या माणसाने शिबिरात सांगितलं. खंडेरावांनी ते काळजावर कोरून घेतलं. एकदा त्यांच्या चुलतभावाने, चिमाजीने, रासायनिकच्या उरलेल्या पाण्यात जैविकची पुडी सोडली. खंडेरावांनी मला तिथल्या तिथे आडवं केलं आणि भरला ड्रम बांधावर ओतून दिला.

"जित्या जीवाला इख पाजतो का?" एवढंच म्हणाले, आणि आठवडाभर चिमाजीशी बोलले नाहीत.

दोन हजार पाचच्या सुमाराला त्यांची काठी मध्येच थांबायला लागली. दम लागे. मानेत गाठी आल्या. नाशिकला रक्त तपासलं, तेव्हा रक्ताचा कॅन्सर निघाला. सावकाश वाढणारा, वर्षानुवर्षं अंगात मुरणारा. बाग चिमाजीने वाट्याने घेतली. त्याच्याकडे फवारणीचं ट्रॅक्टरचं यंत्र होतं, माझी गरज संपली. मला ओढत आणून घरामागे मोरीपाशी ठेवलं. पावसाचं पाणी पोटात घेऊन मी तिथेच हिरवा पडत गेलो.

काही काळ डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवलं. मग रोग हलला. नाशिकच्या इंदिरानगरला दिलेली लेक हर्षाली त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर भला माणूस. शेतकऱ्याला कळावं म्हणून त्यांनी इंग्रजी नावं बाजूला ठेवली आणि मराठीत समजावलं: आता दोन औषधं बरोबर द्यायची. घरी घ्यायच्या गोळ्या म्हणजे केमो, ते रासायनिक. दवाखान्यात सलाईनमधून देऊ ते जैविक.

हर्षालीने हे मोरीपाशी उभं राहून आईला सांगितलं. खंडेराव बाजेवर बसून ऐकत होते. डॉक्टरांपुढे ते फक्त "बरं" म्हणून आले होते. मोठ्या माणसाचा शब्द मोडायची त्यांची रीत नव्हती.

पहिलं सलाईन घेऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाईंनी गोळी हातावर ठेवली, पाण्याचा तांब्या दिला. खंडेराव गोळी गालात धरून माझ्यापाशी आले आणि वाकून थुंकले. गोळी माझ्या तळाला गेली.

"जितं औषध अंगात सोडलंय," ते मला हळूच म्हणाले. "त्याच्यावर लगेच रासायनिक? शिकलेली मानसं, पर बाग कधी केली नाय."

महिन्यातले गोळ्यांचे ठरलेले दिवस आले की रोज सकाळी हेच. मी काय करणार? सांडू शकत नव्हतो, ओरडू शकत नव्हतो. त्यातून झालं असं, की सलाईनने पहिल्यांदा मानेतल्या गाठी जरा उतरल्या. त्यांची खात्रीच पटली. आरशात मान वळवून बघत, आणि माझ्या काठावर बोटांनी ताल धरत.

मग गाठी परत आल्या. काखेतही आल्या. दोन्ही औषधं चालू असताना असं व्हायला नको होतं, असं डॉक्टर म्हणाले. हर्षालीला शंका आली. ती तडक मळ्यात आली.

"आप्पा, गोळ्या घेता ना?"

"घेऊन कसं चालंल? जैविक मरंल ना."

कुसाबाई भांडी घासत होत्या. "अहो, रोज माझ्या हातून तर घेत व्हता."

हर्षाली बापाजवळ खाली बसली. "आप्पा, तुमचं अंग म्हणजे ड्रम आहे का? सलाईनमधलं जैविक म्हणजे पुडीतली बुरशी नाही. गोळीने ते औषध मरत नाही. एकट्याने पुरं पडत नाही, म्हणून तर दोन्ही बरोबर दिली."

"डॉक्टरच म्हनले, जैविक हाय."

"तुम्हाला कळावं म्हणून म्हणाले."

"आसं व्हय," खंडेराव म्हणाले, आणि गोळ्या कुठे थुंकल्या ते त्यांनी माझ्याकडे बोट करून दाखवलं.

त्यानंतर ते गोळी गिळून कुसाबाईंना तोंड उघडून दाखवत, शाळेतल्या पोरासारखं. पण रक्तात जोर उरला नव्हता. ताप आला, तो छातीत उतरला. चिमाजीने बागेची छाटणी काढली त्याच आठवड्यात खंडेराव दवाखान्यात गेले. परत आणलं ते चादरीत गुंडाळून.

मी आता मोरीपाशी उपडा पडून आहे. चिमाजीने कांद्याच्या रोपाला पाणी साठवायला मला मागितलं, पण कुसाबाई देत नाहीत. भेटायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? खंडेरावांना काय समजलं होतं, हे वेळेवर एकानेही विचारलं नाही. तुमच्या घरात कोणी औषध घेत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि एवढं विचारा. माझी दुसरी काही मागणी नाही.

दहावा झाला, पाहुणे गेले, तेव्हा कुसाबाई एकट्या माझ्यापाशी आल्या. दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी मला पालथं केलं. हिरवं पाणी वाहून गेलं आणि शेवटी तळाचा, विरघळलेल्या गोळ्यांचा पांढरट गाळ मोरीत उतरला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या बुडावर हात ठेवून म्हणाल्या, "मी देत व्हते, अन् तू घेत व्हता."