अहिल्याची गोळी

बिंदुसरा नदीच्या काठच्या वस्तीत साखराबाईंनी नातीला, चार वर्षांच्या अहिल्याला, दोनदा जंताच्या गोळीपासून लपवलं होतं. एकदा बाजेखाली, एकदा शेजारणीकडे. पोरगी वाळत चालली होती, भिंतीची माती खात होती आणि आजी तिला बाजरीच्या भाकरीत तूप चोळून भरवत होती.

साखराबाईंचं सगळं आयुष्य चकलांब्याकडे मेंढरांमागं गेलेलं. मेंढरं विकून त्या लेकाकडे बीडला आल्या, पण हिशेब तोच राहिला. मेंढरांना जंताचं औषध पाजताना कमजोर मेंढी बाजूला काढायची. आधी तिच्या अंगात जीव येऊ द्यायचा, मग औषध.

"आत्याबाई, ती मेंढी न्हाई!" सून बबिता चिडायची.

"मेंढीपरीस नाजूक हाय. म्हणूनच म्हणते."

यंदा बबितानं शपथ घातली. तिला धुण्याभांड्याच्या कामावर जायचं होतं, म्हणून गोळीच्या दिवशी साखराबाईच नातीला कडेवर घेऊन अंगणवाडीत गेल्या. पण भांडायच्या तयारीनं.

"बाई, आधीच सांगते, हिला गोळी द्यायची न्हाई."

अंगणवाडीच्या वर्षाराणीताईंनी अहिल्याच्या कपाळाला, मग पोटाला हात लावला. "नाहीच देणार."

साखराबाईंचं सगळं भांडण तोंडातच राहिलं. "कावून?"

"अंग तापलंय तिचं. आजारी लेकराला देत नाहीत. आज दवाखान्यात दाखवा. पुढच्या आठवड्यात राहिलेल्या मुलांना देणार आहोत, ताप उतरला की तेव्हा आणा."

साखराबाई तिथंच सतरंजीवर बसल्या. "तुमच्या घरी मेंढरं होती का गं?"

"नांदूरघाटला किराणा दुकान होतं आमचं."

"मग तुला कसं ठावं, दवा कवा थांबवायची ते?"

"शिकवलंय, आजी."

"बरं शिकवलंय." त्या जरा सैल झाल्या. "मग पुढच्या आठवड्यात बी नगं. कमजोर हाय ती."

"ताप वेगळा, अशक्तपणा वेगळा. ताप उतरेपर्यंत थांबायचं. पण ती गुटगुटीत होईपर्यंत थांबलात, तर तुमच्या तुपातलं तिच्या अंगी किती लागेल? वाटेकरी आहेत पोटात."

"आमची एक मेंढी दवा पाजल्यावर गेलती. लई गुणाची होती."

"ती नुसती वाळलेली होती, की आजारी होती?"

साखराबाई नातीच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कान तापलेले होते तिचे. चारा सोडलाता. आमचे मालक, हिचे आजोबा, म्हणले, थांबू. मीच पाजलं."

ताईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

पुढच्या आठवड्यात ताई कुलूप काढायला आल्या, तेव्हा आजी आणि नात पायरीवर बसलेल्या होत्या. ताप दवाखान्याच्या औषधानं उतरला होता. तरी साखराबाईंनी ताईंना पुन्हा कपाळ बघायला लावलं, कान बघायला लावले.

अहिल्यानं गोळी तोंडात घेतली आणि गालात धरून ठेवली. साखराबाईंनी सवयीनं तिचा जबडा धरला.

"आजी, सोडा! चावून खायची आहे. मोठ्यानं चाव गं अहिल्या, आजीला ऐकू आलं पाहिजे."

पोरीनं कुडुमकुडुम आवाज करत गोळी चावली, वर पाणी प्याली आणि हात पुढं केला. "आनखी दे."

"आता सहा महिन्यांनी," ताई म्हणाल्या. "आजी, तुम्ही घरी गेलात तरी चालेल. माझं लक्ष आहे."

"असू दे की तुझं बी. दवा पाजल्यावर कळप सोडून जात न्हाईत."

ताईंनी त्यांना भिंतीला टेकायला जागा करून दिली. साखराबाई दुपारपर्यंत तिथं बसल्या. खिचडी आली तेव्हा अहिल्या आपलं ताट घेऊन त्यांच्याजवळ आली, त्यांच्या मांडीला पाठ लावून बसली आणि जेवू लागली. एक घास तिनं मागं वळून आजीच्या तोंडाशी धरला. साखराबाईंनी तो तिलाच परत भरवला.