खिडकीतल्या नऊ कुंड्या

भाचीच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. मी फोन उचलत नाही हे माहीत असल्यामुळे तिने पत्र लिहिलं होतं. मजकूर सात-आठ ओळींचा. तिचे वडील गेल्यापासून आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, कुणाशी बोलत नव्हती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. भाचीची नोकरी सकाळी आठ ते संध्याकाळी सात. ‘मामा, आईला काही महिने तुमच्याकडे ठेवाल का? महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर तिला वृद्धाश्रमात ठेवण्यावाचून मला इलाज नाही.’

मी ग्रंथपाल होतो. चौतीस वर्षांत पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय मी कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तेव्हा याही वेळी दुःख आणि उदासी यांवरची सहा पुस्तकं आणली. उत्तराचे चार मसुदे केले. प्रत्येकात काहीतरी खटकलं. महिना संपला. भाचीने पुन्हा लिहिलं नाही. बहीण आश्रमात गेल्याचं एका नातेवाइकाकडून कळलं. पुस्तकं मात्र मी मुदतीत परत केली.

त्यानंतर माझं उठणं लांबत गेलं. दहा वाजले तरी पडदे ओढलेलेच असत. म्हातारपणी असं व्हायचंच, अशी मी समजूत करून घेतली होती.

वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा तिने नऊ कुंड्या माझ्या दारात आणून ठेवल्या.

“काका, माणसं तर तुम्ही घरात येऊ देत नाही. ही नऊ जणं येऊ द्या. बोलत नाहीत, चहा मागत नाहीत.”

“मला यातलं काही कळत नाही हो.”

“दीड महिन्याचा तर प्रश्न! पडदा तेवढा उघडा ठेवा म्हणजे झालं.”

नाही म्हणायलाही धीर लागतो. तो माझ्यात नव्हता.

मी प्रत्येक कुंडीचं कार्ड केलं. झाडाचं नाव, पाणी दिल्याची तारीख, पुढची तारीख. दर तिसऱ्या दिवशी पेलाभर. एकदा तापामुळे एक पाळी चुकली, तर ती थकबाकी धरून पुढच्या वेळी दोन पेले घातले. कोरफड पिवळी पडली, म्हणून तिची एक पाळी वाढवली. ती बुडाशी मऊ झाली आणि एका सकाळी आडवी झाली.

तिला पिशवीत घालून मी रोपवाटिकेत गेलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं, पण तिथल्या माळ्याने बोलूच दिलं नाही.

“पाणी किती घालता?”

मी कार्ड दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

“हे कोरफडीने वाचलं होतं का?”

मी कार्ड परत घेऊन खिशात घातलं.

“अहो आजोबा, बोट खुपसा मातीत. कोरडं लागलं तर पाणी. ओलं लागलं तर गप बसायचं.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला उठून मी आठ कुंड्यांत बोट घालू लागलो. उजेड सगळीकडून लागावा म्हणून त्या फिरवू लागलो. नेच्याचं नवं पान गुंडाळी होऊन वर येतं आणि मग सावकाश उलगडतं, हे मी वाचलं होतं; पाहिलं नव्हतं. ते बघण्यात पाऊण तास जाई. तेवढा वेळ स्वतःविषयीचा एकही विचार डोक्यात येत नसे. दोन घास जास्त जाऊ लागले. दुपारची झोप गेली, रात्रीची आली. हे हिरव्या रंगामुळे, की उघड्या पडद्यामुळे, की नुसतं उठायला निमित्त मिळाल्यामुळे, मला सांगता येणार नाही. पुस्तकांत तिन्ही कारणं दिलेली आहेत.

शिंपीणबाई परतली, तेव्हा आधी कोरफडीचं कबूल केलं.

“कोरफड मारलीत? काका, कोरफड मारायला मेहनत लागते!” ती हसत सुटली. मग तिने खोलीभर नजर फिरवली. “पण तुम्ही जरा माणसात आलात हो. बाकीच्या नेऊ का आता?”

“राहू दे,” मी म्हणालो. आणि का कोण जाणे, भाचीच्या पत्राचंही सांगून टाकलं.

“मग उत्तर का नाही दिलंत?”

“बहिणीला बरं कसं करायचं ते मला कळेना. काही चुकलं असतं तर?”

“बरं करा असं कुठे म्हणाली ती? ठेवाल का, एवढंच विचारलंय ना?”

ती गेल्यावर मी पत्र काढून पुन्हा वाचलं. तेवढंच विचारलं होतं.

लगेच लिहायला बसलो. मसुदा केला नाही.

‘तुझ्या पत्राला पाच महिने उत्तर दिलं नाही. त्याला कारण नाही, भीती होती. आईला यायचं असेल तर तिला माझ्याकडे आण. खिडकीची खोली तिची; तिथली पुस्तकं मी पुढच्या खोलीत हलवतो आहे. झाडांचं करताना हाताशी बसली तर बसेल, नाहीतर पडून राहील. ती बरी होईल का, ते मला माहीत नाही. गाडीची वेळ कळव, न्यायला येतो.’

चारचं टपाल निघायच्या आत कोपऱ्यावरच्या पेटीपाशी पोहोचलो. पत्ता दोनदा ताडून पाहिला आणि पाकीट आत सोडलं. पेटी बरीच भरलेली असावी, पडल्याचा आवाज आला नाही.